चॅम्पियनचं टेबल

एकोणीस एप्रिल, रविवार. कुरड्यांचा चीक घोटायचा होता.

तीन दिवस भिजवलेले गहू शनिवारी वाटून, पिळून, गाळून झाले होते. रात्रभरात चीक तळाशी बसला. सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून दिलं आणि गच्चीवर विटांची चूल पेटवली. नागपुरात एप्रिलमध्ये हे काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. नंतर स्लॅबवर पाय ठेववत नाही आणि चुलीपाशी बसणाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. हा माझा धंदा आहे. उन्हाळाभर कुरड्या, पापड, मुंगवड्या करायच्या आणि ऑर्डरप्रमाणे वर्षभर पोचवायच्या. मदतीला घरचीच दोन माणसं: सोऱ्या दाबायला सासूबाई आणि चीक घोटायला दीर.

घोटणं हे ताकदीचं काम. उकळत्या पाण्यात चीक ओतला की लाकडी दांड्यानं तो न थांबता फिरवत राहायचा. आधी ताकासारखा, मग खिरीसारखा, आणि मग तो एकदम असा आवळतो की दांडा हलत नाही. नेमकं तेव्हाच थांबलं तर गाठी होतात आणि सगळा गंज, म्हणजे पातेलंभर चीक, वाया जातो. इतर घरी दोघी-तिघी बाया आळीपाळीनं घोटतात. आमच्याकडे एकटा दीर घोटतो, कारण तो बॉक्सर आहे. राज्याचा चॅम्पियन, तोही एकदाच नव्हे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत होता आणि नुकताच मैदानावर जायला लागला होता. आता अडतीस वर्षांचा आहे. लग्न केलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, शिबिरांच्या तारखांमध्ये मुहूर्ताची तारीख कधी बसलीच नाही.

त्या सकाळी त्याला फोनवर एकाला उत्तर द्यायचं होतं. हो की नाही, एवढंच. ते काय असेल हे घरात कोणाला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं.

मार्चमध्ये तो हरला होता. राज्य स्पर्धा या खेपेला नागपुरातच होती, म्हणून मी बघायला गेले. एरवी जात नाही. समोर होता बावीस वर्षांचा पोरगा, लांब हातांचा, अंगानं काडी. दुसऱ्या फेरीत मला एका गिऱ्हाइकाचा फोन आला. तो बंद करून मी मान वर केली तर दीर एका गुडघ्यावर बसला होता आणि रेफरी त्याच्या तोंडासमोर बोटं मोजत होता. तो उठला, पण रेफरीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि दोन्ही हात हलवून लढत थांबवली. झालं. घंटा वाजली, त्या पोराचा हात वर गेला, आणि मग पोरगा वळून आला आणि सगळ्या हॉलसमोर वाकून याच्या पाया पडला. आपल्याकडे मोठ्यांच्या पाया पडतात, त्यात त्याचं काही चुकलं नाही. यानंही सवयीनं त्याच्या डोक्यावर ग्लोव्ह ठेवला. तोंडातून रक्त येत होतं आणि हा आशीर्वाद देत होता.

घरी येताना चौकात आमची दुसरी फजिती टांगलेली होती. मोहल्ल्यातल्या मंडळींनी अभिनंदनाचा फ्लेक्स आदल्या दिवशीच लावून ठेवला होता. बांबूवाला दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवावर जाणार होता, म्हणून. फ्लेक्सवर दीर दोन मुठी उगारून उभा, मागे डरकाळी फोडणारा वाघ, आणि खाली ‘सुवर्णपदक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. आमची गाडी त्याच्याखालूनच गेली. तोच म्हणाला, “वाघ चांगला आला आहे.”

दुसऱ्या दिवशी मी मंडळींना सांगून फ्लेक्स उतरवून आणला. चांगला जाड होता, पाठ पांढरीशुभ्र. त्यावर धुतलेली सुती साडी अंथरली की वाळवणाला मोठी जागा होते. प्रश्न एवढाच होता की चेहरा खाली ठेवायचा की वर. सासूबाई म्हणाल्या, पोराच्या तोंडावर मी कुरड्या घालणार नाही. मी म्हटलं, मग तोंड तापल्या स्लॅबवर जाईल. शेवटी त्यानंच निकाल दिला. “खालीच ठेवा वहिनी. वर ठेवलं त ऊन लागंल.”

हरल्याचं त्यानं फार मनाला लावून घेतलं असं मला दिसलं नाही. जेवत होता, झोपत होता. त्याला एकच गोष्ट लागून राहिली होती: तो ठोसा लागला कसा. त्याला तो दिसलाच नव्हता. चावी कुठे पडली हे जसं माणूस सगळ्यांना विचारत फिरतो, तसा तो विचारत फिरला. त्याचे बॉक्सिंगचे सर म्हणाले, पाय घसरला. माझे मिस्टर म्हणाले, रेफरीनं घाई केली. मोहल्ल्यातल्या एकानं मोबाइलवर शूटिंग केलं होतं, पण ऐन वेळेला पुढच्या माणसाचं टक्कल मध्ये आलं होतं. ते टक्कल दिरानं कितीतरी वेळा पाहिलं.

“तुम्ही कुठी बसल्या होत्या वहिनी? तुमच्या बाजूनं काय दिसलं?”

“मी फोनवर होते.”

“दोन किलो पापडासाठी तुम्ही माहा नॉकआऊट सोडला?”

“पाच किलो. आणि मुंगवड्या.”

एकदा तर त्यानं मला स्वयंपाकघरात पाटावर उभं केलं, कारण तो पोरगा उंच होता. हाताला टॉवेल गुंडाळायला लावला. “आता तुम्ही तो. उजवा खांदा जरा मागं घ्या. आता मी इथून आत येतो. हं, मारा.” मी मारलं. टॉवेल त्याच्या कानाला लागला. “नाही, हे त मले दिसलं,” तो निराश होऊन म्हणाला. तोवर माझी डाळ खाली लागली होती. तो खेळ मी तिथेच बंद केला.

एप्रिलच्या सुरुवातीला ऑफिसचं पत्र आलं. दीर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीत आहे. अशा लोकांना सरावासाठी सूट असते: सकाळी हजेरी लावायची आणि मैदानावर जायचं. जोवर खेळून सुवर्णपदकं येतात तोवर सूट. पदकं थांबली की सूट संपली आणि इतर बाबूंसारखं दहा ते सहा टेबलावर बसायचं. यात कपट काही नाही, नियमच आहे, आणि तो त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होता. वीस एप्रिल, सोमवारपासून बसा, असं पत्रात होतं. पण नोकरी लागल्यापासून तो माणूस ऑफिसात बसलाच नव्हता. खाली गेटपाशी मशीनला अंगठा लावायचा की गाडी वळवायचा. पदक मिळालं की साहेबांच्या केबिनमध्ये पुष्पगुच्छ घ्यायला जायचा, तेवढीच एक खोली त्याला ठाऊक.

पत्राची बातमी फुटल्यावर घरात सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. माणूस जिंकतो तेव्हा लोक पेढे खाऊन जातात, हरतो तेव्हा बसून राहतात. एका जिमवाल्यानं बोलावलं म्हणून हा एक संध्याकाळ जाऊन आला. तिथे म्हणे गाण्याच्या ठेक्यावर बॅगेला ठोसे मारतात. मालकाला हा काळ्या टी-शर्टमध्ये दारापाशी उभा हवा होता, मागे भिंतीवर पदकांचे फोटो. एका बाईनं याला मोबाइल धरायला दिला आणि स्वतःचं शूटिंग करून घेतलं. मला वाटलं आता चिडेल. तो आपला कुतूहलानं सांगत होता, “बॅगले इतकं मारतात वहिनी, बॅगनं त्याईचं काय बिघडवलं काय मालूम.” मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझरची जागा होती, नात्यातल्या एका कंत्राटदारानं आणलेली. तुमचं नाव ऐकून गेटवर कोणी वाद घालणार नाही, असं कंत्राटदार म्हणाला. यानं विचारलं, घातलाच तर? तर म्हणे पोलिसांना फोन करायचा. “मग माह्या हाताचं काय काम?” यानं विचारलं, अगदी खरंच जाणून घ्यायचं म्हणून. कंत्राटदाराला राग आला. वॉर्डातल्या पुढाऱ्याला हा युवा आघाडीत हवा होता. सासूबाई म्हणाल्या, “अडतीस वर्षाचा युवा. केस पिकले त बाल आघाडीत घेतील.”

मला यातलं कोणतंच वाईट वाटत नव्हतं आणि कोणतंच चांगलंही वाटत नव्हतं. मला उत्सुकता एकाच गोष्टीची होती: मारणं आणि चुकवणं सोडून या माणसाला आणखी काय येतं? इतकी वर्षं एका घरात राहून मला ते सांगता आलं नसतं.

सगळ्यांत जोरदार प्रस्ताव दिल्लीच्या एका माणसाचा होता. तो पैसे लावून लढती भरवतो. गोव्यात मोठी लढत होती, टीव्हीवर दाखवणार होते, समोर हरियाणाचा एक पोरगा. महिनाभर शिबिर, मग एक लढत. पैसे बरे होते. पण सरकारी नोकरीत राहून असलं लढता येत नाही, म्हणजे आधी राजीनामा. सर ते ऐकूनच भडकले. “त्याले तुहं नाव पाहिजे बाबू, तुले नाही. तुले पाडलं की त्या पोराचं नाव होते. बकरा करून राहिले तुले.” मिस्टर हिंगण्याला कारखान्यात आहेत, रात्रपाळी करून आले होते. ते डोळे मिटूनच म्हणाले, “सरकारी नोकरी सोडणारा माणूस मी नागपुरात अजून पाहिला नाही. पाहायचीही इच्छा नाही,” आणि झोपायला गेले.

दीर मात्र नाही म्हणत नव्हता. एक लढत आणखी मिळाली तर तो ठोसा कळेल, असं त्याच्या डोक्यात होतं. त्यानं ते सांगितलं नाही, पण त्या टकलाचं शूटिंग त्यानं मोबाइलमधून काढलं नव्हतं.

शुक्रवारी त्यानं मला विचारलं, “वहिनी, तुम्ही माह्या ऑफिसात पापड द्याले जाता ना?”

जात होते, बरीच वर्षं. आधी त्याच्या नावावर शिरले, मग माझ्या पापडांच्या नावावर. तिन्ही मजल्यांवर माझी गिऱ्हाइकं आहेत.

“आज जाता काय? मी येतो. थैल्या उचलतो.”

“काहून?”

“एकटा गेलो त विचारा लागंल, माहं टेबल कुठी आहे म्हणून. चांगलं दिसते काय? इतक्या वर्षाची नोकरी.”

राज्याचा चॅम्पियन थैल्या घेऊन माझ्या मागून जिना चढला. गेटवरच्या शिपायानं त्याला सलाम ठोकला आणि म्हणाला, “साहेब मीटिंगले गेले चॅम्पियन.” “साहेबाकडं नाही,” हा म्हणाला, आणि माझ्याकडे बघायला लागला. “माझ्याबरोबर आहेत,” मी म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावर त्याचा विभाग. मी नेहमीच्या जागी गेले, खिडकीजवळ, आणि थैल्या टेबलावर ठेवल्या. जेवणाची वेळ होती. चार-पाच जणी टेबलाभोवती डबे उघडून बसल्या होत्या. सगळ्यांत जुन्या मोठ्या मॅडम, पुढच्या वर्षी रिटायर होणार आहेत, त्यांनी पापडाचं पाकीट उजेडात धरून बघितलं. त्या नेहमी बघतात.

“मागच्या वेळी मिरे कमी होते वं.”

“या वेळी जास्त आहेत. खोकला आला तर मला सांगू नका.”

मागे उभा दीर पुढे झाला. त्यानं घसा साफ केला. “मॅडम, मी सोमवारपासून येऊन राहिलो. म्हणजे तसं पत्र आहे. माहं टेबल कोणतं?”

सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. मोठ्या मॅडमनी चष्मा वर केला, त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. “हे काय. तुमचंच आहे हे.”

मी त्या टेबलाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेलं. कोपऱ्यात आंब्याच्या लोणच्याची बरणी, स्टीलच्या पेल्यात चमचे, मिठाची डबी, पाण्याच्या बाटल्या. खुर्ची नव्हती, ती कधीच कोणी तरी नेली असणार. इतकी वर्षं मी ज्यावर पापड मांडत आले होते ते माझ्याच दिराचं टेबल होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. टेबल रिकामं होतं, जेवायला बरं पडत होतं, एवढं पुरेसं होतं.

“म्हणजे आमचा लंच गेला,” एक जण म्हणाली. “चॅम्पियनशी भांडायची सोय नाही.”

“जेवा ना तुम्ही,” दीर म्हणाला. “मी काय टेबल खातो काय?”

“खाल म्हणून नाही. फायली येतील ना त्यावर. फायलीवर तेल सांडलं की मेमो.” मोठ्या मॅडमनी बरणीचं झाकण घट्ट केलं. “पण एक सांगा, नक्की येणार आहात का? आम्ही ऐकलं, तुम्ही गोव्याला चालले. उगाच बरणी हलवायची आणि पुन्हा आणून ठेवायची. तुम्ही येणार असाल तरच हलवतो.”

“सोमवारी कळंल,” तो म्हणाला.

“सोमवारी त आम्हाले दिसंलच. आधी कळलं पाहिजे.”

मला वरच्या मजल्यावर ऑर्डर द्यायची होती. परत आले तेव्हा तो एका स्टुलावर भिंतीला टेकून बसला होता. हात मांडीवर, नजर समोर. शिपायानं दिलेला चहा शेजारी तसाच होता. रिंगच्या कोपऱ्यात एका मिनिटाच्या विश्रांतीत तो असाच बसतो, हे मी फोटोंमध्ये पाहिलं आहे.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. तो मागे बसला की मागचं चाक दबतं आणि बोलायला लागला की सारखा कानात ओरडतो.

“वहिनी, तो दारापाशी बसते तो बाबू, त्याचा डावा खांदा गेला आहे. फाइल घ्याले पूर्ण अंगानं वळते. अन् मोठ्या मॅडम, नाही म्हणायच्या आधी चष्मा वर करते.”

“माझ्याशी भाव करतानाही करतात. मला वाटायचं नजर कमी झाली.”

“नजर नाही. ते गार्ड आहे, ठोसा अडवाले हात वर घेते तसं. अन् ते कोपऱ्यातले दोघं एकमेकाशी बोलत नाही, पण एक उठला की दुसरा पाहते, कुठं चालला म्हणून. एका नव्या बाईले सारे काम देऊन राहिले. ती नाही म्हणत नाही. थकली आहे, पाय आपटत चालते.”

तासाभरात एवढं. मी त्या ऑफिसात वर्षानुवर्षं जाते आणि मला फक्त कोणाला कोणता पापड लागतो तेवढं ठाऊक.

“आणि काम काय आहे तुझं, ते पाहिलंस का?”

“ते राहिलंच,” तो म्हणाला.

दिल्लीवाला रविवारी सकाळी फोन करणार होता, त्याला दुपारचं विमान होतं आणि त्याआधी उत्तर हवं होतं.

तर रविवार. चूल पेटली होती, गंजातल्या पाण्याला आधण आलं होतं. मीठ, हिंग घातला आणि मी बारीक धारेनं चीक ओतायला लागले. दीर उकिडवा बसून दोन्ही हातांनी दांडा फिरवत होता. उजवा हात खाली, डावा वर. सासूबाई सावलीत सोऱ्याला आतून तेल लावत होत्या. फ्लेक्स उलटा अंथरून, त्यावर साडी ताणून चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या होत्या.

चीक खिरीसारखा झाला. मी झाकण हातात घेऊन उभी होते. बघते तर त्याचा डावा हात दांड्यावरून सरकत खाली आलेला, वाफेत.

“वर धर. भाजशील.”

त्यानं हात वर घेतला. घोटत राहिला. चीक आवळायला लागला. परत हात खाली.

“वर धर म्हटलं ना.”

“वरच होता,” तो म्हणाला, आणि खाली पाहिलं. मग त्यानं डावा हात पुन्हा दांड्याच्या टोकाला नेऊन घट्ट धरला आणि घोटता घोटता त्याच्याकडे टक लावून बसला. मीही पाहत होते. थोडा वेळ हात जागेवर होता. मग खांदा जरासा उतरला, कोपर सैल झालं, आणि हात खाली सरकला. कोणी ओढल्यासारखा नाही, पडल्यासारखाही नाही. दमलेलं माणूस न सांगता खाली बसतं तसा.

“वहिनी, हे मी नाही केलं,” तो म्हणाला. “पाहिलं ना तुम्ही? म्या नाही नेला तो खाली.”

“पाहिलं.”

“हेच आहे.” त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हेच होतं. पाय नाही, रेफरी नाही. डावा खाली आला अन् त्याले इथं दार उघडं भेटलं.” त्यानं मान वळवून डावा गाल पुढे केला. “अन् मले कसं समजंल? माह्या डोक्यात त तो वरच होता.”

“कधीपासून येतो?”

“कोणाले मालूम. मागच्या वर्षी जिंकलो तेव्हाही येत असंल. तेव्हाच्या पोराले दिसलं नसंल.”

माणसाला इतकं वाईट काही कळावं आणि त्यानं इतकं खूष व्हावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तो पुन्हा हात वर ठेवायचा आणि खाली यायची वाट बघायचा. मी म्हटलं, प्रयोग पुरे, गाठी होतील.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कठड्यावर ठेवला होता. चीक आता असा झाला होता की थांबणं शक्य नव्हतं. मी हात पुसून फोन उचलला, स्पीकर लावला आणि त्याच्या तोंडाशी धरला.

“चॅम्प, क्या सोचा?”

“नहीं होगा भाई.”

“अरे, क्यों? पैसे की बात है तो बोलो.”

“पैसे की नहीं. मेरा बायां हाथ नीचे आता है.”

पलीकडचा हसला. “वो तो कैंप में ठीक कर देंगे.”

“नहीं होगा. अभी देखा मैंने.”

“कहां देखा? जिम में हो?”

“नहीं, चीक घोट रहा हूं.”

“क्या कर रहे हो?”

“गेहूं का होता है. आप नहीं समझोगे.” घामाची धार त्याच्या नाकावरून खाली आली, ती पडू नये म्हणून त्यानं मान वळवली. “उस लड़के को बोलो, किसी ऊपर हाथ वाले से लड़े. मुझसे लड़कर कुछ नहीं सीखेगा.”

तो माणूस आणखी बोलत होता. टीव्हीचं, मानाचं, शेवटच्या संधीचं. दिरानं मला मानेनं खूण केली. मी म्हटलं, “भाऊसाहेब, इनका हाथ काम में है,” आणि फोन बंद केला. खरंच होतं ते. चीक पारदर्शक झाला होता, दांडा गंजात उभा राहत होता. मी झाकण ठेवून वाफ आणली आणि आम्ही गंज उतरवला.

सासूबाईंनी पहिला गोळा सोऱ्यात भरला. “म्हणजे गोव्याले जाणार नाही?”

“नाही माय.”

“मग आता पोरगी पाहू काय?”

“पहिले टेबल त पाहू दे.”

“टेबलाले काय पाहायचं? त्याले का हुंडा मागायचा आहे?”

तो हसला आणि त्यानं वाटीत गरम चीक घेऊन, वर तेल आणि तिखट घालून खाल्ला. मग सासूबाईंच्या हातून सोऱ्या घेऊन कुरड्या घालायला वाकला, तेव्हा तो त्यानं उजव्या हातानं दाबला. डाव्या हाताला काम सांगायची अजून घाई नव्हती. ऊन भिंतीवरून खाली यायच्या आत साडी भरली. फ्लेक्सची एक कड दुमडली होती, तिथे वाघाचा पिवळा पंजा दिसत होता.

संध्याकाळी सर आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी त पाय म्हणत होतो.” मग म्हणाले, सकाळी जरीपटक्याच्या मैदानावर लहान पोरांचे ठोसे झेलायला हातात पॅड धरणारा माणूस लागतो. पॅड धरणाऱ्याला मारावं लागत नाही, बघावं लागतं. दीर म्हणाला, बघतो. त्याचा तो शब्द मला त्या आठवड्यात फार वेळा ऐकू आला होता, पण या वेळी त्याचा अर्थ नुसता टाळणं नव्हता, असं मला वाटलं. नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सकाळी उठून गच्चीवर गेले. दीर आधीच पळायला गेला होता. मला वाटलं होतं आज तरी झोपेल. आल्यावर विचारलं तर म्हणाला, “हात खाली येते वहिनी, पाय थोडी येते.” त्यानं आंघोळ केली, लांब बाहीचा शर्ट घातला, जो आम्ही सत्काराला घेतला होता आणि घातला गेला नव्हता. पोळ्या, वांग्याची भाजी, कांदा असा डबा मी त्याला भरून दिला. मग त्याच ऑफिसची एक ऑर्डर राहिली होती, दुसऱ्या मजल्याची, तिची थैली त्याच्या दुसऱ्या हातात दिली.

“हे काय?”

“मुंगवड्या. मोठ्या मॅडमच्या. तू जातच आहेस तर माझा फेरा वाचला. आणि मी त्यांना काल फोन करून सांगितलं आहे, बरणी हलवू नका, फक्त एका बाजूला सरकवा म्हणून.”

त्यानं डबा उजव्या हातात आणि थैली डाव्या हातात घेतली, वजन अजमावलं, आणि गेला. मी वर जाऊन कुरड्या एकेक करून उलटल्या. काठाच्या वाळल्या होत्या, मधल्या अजून ओल्या होत्या. त्यांना आणखी एक ऊन लागणार होतं.